काटकसर : कोणाच्या ताटातून?

कीर्तन आटोपले, बुक्का लावून झाला, की मंडळी जरा जवळ सरकून बसतात आणि मनातले विचारतात. जीव-ब्रह्माच्या ऐक्याविषयी विचारणारा एखादाच. पुष्कळांचा प्रश्न असतो तो वाण्याच्या बिलाचा. ‘महाराज, आहे त्यात समाधान माना म्हणता, ते पटते. पण महिना पुरत नाही. कमी करायचे तर काय करायचे? तेल, की पाहुणा?’ ऐकणारे हसतात. आम्ही हसत नाही. हा प्रश्न आम्हांस निखळ धर्माचा वाटतो, आणि त्याला आमच्या कुवतीप्रमाणे येथे उत्तर देण्याचे योजिले आहे.

हिशेबाची वही म्हणजे प्रपंचाचा मळ, माळकऱ्याने तिला हात लावू नये, अशी एक समजूत आमच्या मंडळींत मधूनमधून आढळते. ती संप्रदायाची नव्हे. नाथमहाराजांची कथा लहानथोरांस ठाऊकच आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींपाशी असताना हिशेबाचे काम त्यांच्याकडे होते. एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. दिवा लावून रात्रभर बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी चित्त इतके एकवटते, तेच भगवंताकडे लागले तर काय न होईल! ही कथा आम्ही कीर्तनात एकाग्रतेच्या दृष्टान्तासाठी सांगतो. पण तिला दुसरेही अंग आहे. स्वामींनी वही फेकून दे असे सांगितले नाही. आणि हेच नाथ पुढे पैठणास गृहस्थाश्रमात राहिले, तेव्हा श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी दाराशी आलेल्या भुकेल्यांस वाढले, गावाने ज्यांस दूर ठेविले होते अशांस वाढले, ही कथाही परंपरा तितक्याच प्रेमाने सांगते. पै शोधणारा हात आणि ताट वाढणारा हात असे दोन निराळे हात नव्हते.

संस्कृतात ‘कृपण’ असा शब्द आहे. आपण त्याचा अर्थ कंजूष एवढाच घेतो. पण कीव करण्याजोगा, दीन, असाही त्याचा अर्थ आहे, आणि पाठशाळेत आम्हांस हाच अर्थ आधी शिकविला गेला. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतात की अक्षरतत्त्व न जाणता जो ह्या लोकातून जातो तो कृपण. म्हणजे ज्याच्यापाशी ठेवा होता पण ज्याला तो उपयोगात आणता आला नाही, तो. धान्याने भरलेल्या घरात उपाशी बसणारा आणि बसविणारा हा त्याच जातीचा. मितव्यय ही गोष्ट वेगळी. मित म्हणजे मोजलेले. कमी केलेले नव्हे. जे मोजून खर्च करतो त्याला कोठे हात सैल सोडावा हेही कळते.

आता मोजण्याकडेच वळू. केंद्र सरकारने २०२२-२३ साली देशभर घरखर्चाची पाहणी केली. खेड्यातल्या घरचा खर्च शंभर रुपये धरला तर सुमारे ४६ रुपये खाण्यापिण्यावर जातात असे तीत दिसले. त्या ४६ मध्ये धान्याचे पुरते पाचही नाहीत. आणि पेये, फराळाचे जिन्नस, बाहेरचे तयार खाणे ह्या एका सदरात साडेनऊच्या वर गेले. शहरात हे सदर साडेदहाच्याही पुढे. रेशनवरचा गहू-तांदूळ स्वस्तात किंवा फुकट मिळतो, म्हणून धान्याचा आकडा लहान दिसतो हे खरे. तरीही बघा, बिल वाढले की आपण प्रथम बोलतो ते डाळीला आणि पिठाला. ‘वरण जरा पातळ कर’ म्हणतो. आणि पोराच्या हातातली वेफर्सची पुडी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दहा रुपयांच्या पुडीत पंचवीस-तीस ग्रॅम माल. म्हणजे किलोला तीनशे-चारशे रुपयांच्या घरातला बटाटा आपण घेतो, आणि मंडईत पाच रुपये चढले की महागाई म्हणून ओरडतो.

येथे एकादशीचेही बोलले पाहिजे, मग कोणास राग येवो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही परक्यांनी रचलेली नाही. महिन्यातून दोनदा साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप, राजगिऱ्याचे लाडू आणि आता उपवासाचा म्हणून बंद पाकिटातला चिवडा. काही घरांत त्या दोन दिवसांचा किराणा बाकीच्या आठवड्याएवढा होतो. आणि ज्या साबुदाण्याला आपण इतके सोवळे मानतो तो ज्या कंदापासून होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज जहाजांतून इकडे आला, आणि आज आपल्याकडे येणारा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या आसपास तयार होतो. नामदेवरायांच्या काळी तो कोणी पाहिलाही नसेल. खाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. आम्हांसही खिचडी आवडते. पण उपवासाने बिल उतरायचे सोडून चढत असेल तर उपवास कशाचा घडला, हे ज्याचे त्याने पाहावे.

कीर्तनानिमित्त आम्ही गावोगाव फिरतो, निरनिराळ्या घरी उतरतो, निरनिराळ्या चुली पाहतो. जी घरे थोडक्यात आणि आनंदाने भागवितात त्यांची रीत फार गूढ नाही. यादी घरी बसून, डबे उघडून, आत डोकावून करतात. दुकानात उभे राहून नव्हे. वैशाखात जमेल तेवढे धान्य भरतात, गव्हाला एरंडेल चोळतात, डाळींना कडक ऊन देतात, डब्यात कडुलिंबाचा वाळला पाला घालतात. शहरातल्या दोन खोल्यांत पोते ठेवायला जागा नसते हे आम्ही जाणतो. तेथे तीन-चार बिऱ्हाडांनी मिळून एक पोते आणून वाटून घेतलेलेही पाहिले आहे. मटकी भिजवून मोड आणले की वाटीची दोन-अडीच वाट्या होते. हुलग्याचे माडगे, शेंगोळे, ताकाची कढी, ह्यांना पैसा थोडा लागतो आणि पोटाला आधार मोठा. शिळी भाकरी कुस्करून तिला कांदा-मिरचीची फोडणी दिली तर पोरे ताज्या भाकरीकडे बघत नाहीत. फक्त बाजारच्या दिवशी पालेभाजी घेऊन बसलेल्या म्हातारीशी जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करू नये. त्या दोन रुपयांत तिचे मीठ-मिरची असते. दुकानातल्या पाकिटावर छापलेली किंमत आपण मुकाट्याने मोजतो, आणि भाव पाडायला ती म्हातारीच सापडते.

इथवर सर्व सोपे आहे. अडचण पुढे आहे, आणि तिच्यासाठीच ही लेखणी उचलली.

‘घरचे अन्न स्वस्त’ असे आपण म्हणतो. का स्वस्त? डाळीचे पैसे आपण देतो, तेलाचे देतो, गॅसचे देतो. पण निवडणे, भिजविणे, वाटणे, मळणे, थापणे, वाढणे, घासणे ह्यांची वहीत किंमत किती? शून्य. ती शून्य आहे म्हणून घरचे अन्न स्वस्त आहे. सरकारनेच २०१९ साली माणसांचा दिवस कसा जातो ह्याची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोजचे सरासरी २९९ मिनिटे जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुष घरकामाला हात लावतात तेच मुळी थोडे, आणि जे लावतात त्यांची ९७ मिनिटे. तेव्हा घरधनी जेव्हा म्हणतो, ‘ह्या महिन्यापासून बाहेरचे सगळे बंद, सगळे घरीच करायचे,’ तेव्हा तो नेमके काय वाचवितो आणि कोणाकडून घेऊन वाचवितो, हे त्याने म्हणण्याआधी पाहावे. पापड, कुरडया, मेतकूट, मसाला घरी करा असे आम्हीही सांगतो. पण ऐकणाऱ्या पुरुषाने ‘करा’ हे क्रियापद आपल्यालाही लागू आहे असे समजून ऐकावे.

आमच्या संप्रदायात तर ह्याला देवाचीच साक्ष आहे. जनाबाई दळायला बसली की पांडुरंग येऊन जात्याचा खुंटा धरतो, गोवऱ्या वेचू लागतो, धुणे धुऊ लागतो, ह्या कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. विटेवरच्या देवाला जात्याशी बसण्यात कमीपणा वाटला नाही, आणि त्याच्या गळ्यातलीच माळ घालणाऱ्या आमच्या गृहस्थास कांदा चिरण्यात वाटतो. वारीच्या वाटेवर हेच गृहस्थ मुक्कामाला पीठ मळतात, शंभर माणसांसाठी पाच किलो तुरीचे वरण आणि आठ-नऊ किलोंचा भात चुकता उतरवितात, पातेली घासतात. आम्ही डोळ्यांनी पाहतो. मग पंढरीहून घरी पोहोचताच ही विद्या कोठे जाते?

एका तालुक्याच्या गावी उतरलो होतो तेव्हाची गोष्ट. घर सुखवस्तू नव्हे, पण नेटके. सासूबाईंनी कौतुकाने सुनेची वही दाखविली. तारीखवार जमाखर्च, अक्षर मोत्यासारखे, चार महिन्यांत बिल चौथ्या हिश्श्याने उतरलेले. आम्ही मनापासून वाखाणणी केली. दुपारी पंगत उठली, आम्ही ओसरीवर बसलो, आणि आत सूनबाई जेवायला बसली. पाणी मागायला उठलो तो ताट दिसले. सकाळची अर्धी भाकरी, भांड्याला लागलेले वरण खरवडून घेतलेले, भाजी नाहीच. आम्ही म्हणालो, ‘माय, हे वहीत कुठे लिहिले आहेस?’ ती हसली आणि म्हणाली, ‘महाराज, बाकीच्यांचे झाले की आमचे भागते.’ सासूबाई म्हणाल्या, ‘आम्हीही असेच काढले, महाराज.’ त्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. खरेच तशीच काढली होती त्यांनीही.

म्हणजे चौथा हिस्सा कोठून उतरला ते आम्हांस कळले. पुडक्यांतून थोडा उतरला असेल. पण बराच त्या एका ताटातून.

असे हे एकच घर असते तर लिहिले नसते. २०१९ ते २१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांत शंभरातल्या ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याला कारणे अनेक असतात हे वैद्य सांगतील. शेवटी जेवायचे, उरले तर जेवायचे, ही त्यांतली एक आहे असे म्हणायला वैद्य व्हावे लागत नाही. जो केवळ आपल्यापुरते शिजवितो तो पाप खातो असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात. आम्ही पोथी सोडताना त्याचा अर्थ अतिथी, गाय, पितर असा लावतो. पण जिने शिजविले तिलाच जे घर वगळते त्याचे काय म्हणावे? अतिथीपेक्षा ती परकी झाली काय?

कोणी म्हणेल, त्याग तर आमचे संतच शिकवितात; ती माऊली त्यागच करते. उत्तर असे की त्याग आणि वगळणे ह्यांत अंतर आहे. तुकोबांनी घरातल्या कर्जखतांतली निम्मी धाकट्या भावास, कान्होबास दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. आपला वाटा बुडविला, कान्होबाचा नाही. हा बारकावा आम्हांस फार मोठा वाटतो. वैराग्याच्या भरातही दुसऱ्याचा वाटा त्यांनी मोजून बाजूस ठेवला. सुनेने ठरवून एक दिवस उपवास केला तर तो तिचा. पण रोज तिच्या ताटात काय पडते ह्याकडे कोणी पाहतच नाही, आणि त्याला आपण त्याग म्हणतो, तेव्हा दुसऱ्याचेच कर्जखत बुडवून आपण साधू म्हणवितो.

म्हणून ‘तेल की पाहुणा’ असे विचारणाऱ्यास आम्ही सांगतो, आधी घरात ताटे किती आहेत ते मोज. सगळी ताटे एकदम वाढ, करणारीचेही, आणि मग कमी करायचे ते सगळ्यांचे सारखे कर. आठवडाभर हे करून पाहा. वरण किती लागते ते तेव्हा प्रथम कळेल; आजवरचा अंदाज एक ताट वगळून केलेला असतो. बिल थोडे वाढेल. ते वाढू द्यावे, आणि पुडक्यांतून, बाहेरच्या चहातून, एकादशीच्या फराळातून तेवढे काढावे. तेथे पुष्कळ आहे.

राहिला पाहुणा. त्यासाठी जुन्या घरांतून एक रीत होती, काही घरांत अजून आहे. तांदूळ किंवा पीठ काढताना रोज एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. बाईची मूठ चाळीस-पन्नास ग्रॅमांची. महिन्याचा सव्वा ते दीड किलो होतो. बिलात तो जाणवत नाही, आणि पाहुणा आला तर घरच्यांच्या ताटाला हात न लावता दोन-तीन पंगती निघतात. कोणी आलेच नाही तर आषाढीपर्यंत साठवून गावच्या दिंडीच्या शिध्यात द्यावा. मागे ज्या सूनबाईचे सांगितले, तिला जाताना आम्ही ही रीत सांगितली. तिने विचारले, वहीत हे खर्चाकडे लिहू की जमेकडे? आम्ही म्हणालो, खर्चाकडेच लिही, खर्चच आहे तो. पण त्याच्यावरच्या ओळीत आधी तुझे ताट लिही. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या, मग त्यांनीच आतून पेन्सिल आणून दिली.