खालच्या गावाचे पाणी

जलचक्राच्या चित्रात समुद्र असतो, ढग असतात, डोंगर आणि नदी असते. बाण गोल फिरून पुन्हा समुद्रापाशी येतात. आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी हे चित्र फळ्यावर काढतो. त्यात गाव मात्र कधीच नसते. जणू माणसाचा हात न लागताच पाणी फिरते आहे. मग मुले विचारतात, पाणी परत येणारच असेल तर ते वाचवायचे कशाला? प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर विज्ञानाच्या धड्यात मावत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

उत्तर शोधायला आम्हाला पिंपळनेरबाहेर जावे लागत नाही. आमची पांझरा सह्याद्रीच्या रांगांतून निघते, साक्री तालुका ओलांडून धुळ्यावरून जाते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. या नदीवर काही शतके फड पद्धतीने शेती भिजली. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. यंदा ज्या फडात ऊस, तिथे पुढे गहू किंवा हरभरा. पाणी कमी असेल तर कोणता फड पडीक ठेवायचा, हे गाव बसून ठरवणार. पाणी शेतकऱ्याने स्वतः वळवायचे नाही, ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे.

या व्यवस्थेत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती जागा म्हणजे सांडम. जादा झालेले पाणी पाटातून पुन्हा नदीत सोडणारी ही वाट. शेतात मुरलेले पाणीही झिरपत नदीकडेच जाते. तेच पाणी खालचा बंधारा अडवतो, खालचे गाव त्यावर गहू पिकवते. वरच्या गावाने वापरून सोडलेले पाणी खालच्या गावाच्या दृष्टीने ‘उरलेले’ नसतेच, ते त्याच्या हक्काचे असते.

मातीचेही असेच आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू तो जमिनीत आणतात आणि उसाने थकलेला फड सावरतो. कापणीनंतर ठेलारी आपल्या मेंढ्या शेतात बसवतात, तेव्हा रानातला चारा लेंड्यांच्या रूपाने शेतात येतो. स्फुरदाला मात्र नायट्रोजनसारखा हवेतून परतण्याचा मार्ग नाही. ते एकदा वाहून समुद्राच्या तळाशी गेले की त्याचा खडक होऊन पुन्हा वर यायला लाखो वर्षे लागतात. म्हणून तर आपल्या देशाला खतासाठी मोरोक्को आणि जॉर्डनचा दगड विकत आणावा लागतो.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. सगळे परत येते हे खरे, पण कुणाच्या वेळेला आणि कोणत्या अवस्थेत? बोअरने खोल खडकातून उपसलेले पाणी पुन्हा तिथवर मुरायला कित्येक पिढ्या लागू शकतात. शेतात जास्तीचा टाकलेला युरिया विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे आपले मानक आहे. ते ओलांडले की पहिला धोका तान्ह्या बाळांना. निसर्गाचा हिशेब चुकत नाही. मात्र त्याची वसुली अनेकदा ज्याने घेतले त्याच्याकडून न होता, जो खाली आहे किंवा जो अजून जन्मलाच नाही त्याच्याकडून होते.

आपल्या दीनमध्ये हा विचार नवा नाही. मदिनेत हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी शेजाऱ्याचा पाटाच्या पाण्यावरून वाद झाला, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितले की वरच्याने आपली बाग भिजवावी आणि पाणी खाली सोडावे. महजूर नाल्याबाबतचा निवाडा तर अधिक नेमका आहे: घोट्यापर्यंत पाणी चढू द्यावे, मग सोडावे. वरच्याचा हक्क पहिला आहे, पण तो घोट्यापाशी संपतो. हजरत सालेह (अलै.) यांच्या उंटिणीलाही पाण्याची पाळी होती. म्हणजे मुक्या जनावराचा वाटाही दीनने मोजला. पाणी आपली मिळकत नसून अमानत आहे, आणि अमानत जशी घेतली तशीच पुढे द्यायची असते.

फड पद्धत म्हणजे जन्नत होती, असे आम्ही म्हणत नाही. जमीन असेल त्यालाच तिथे पाणी होते. मजुरी करणाऱ्या आदिवासीचा आणि भूमिहीनाचा त्यात वाटा नव्हता. १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी माणशी मोजले आणि भूमिहीनालाही हक्क दिला. फडाने नदीकाठच्या खालच्याची फिकीर केली, पाणी पंचायतीने गावातल्या खालच्याची. न्याय पुरा व्हायला दोन्ही हवे.

आज पिंपळनेरच्या वर लाटीपाड्याला धरण आहे, शेतोशेती बोअर आहेत. फड काही ठिकाणी तग धरून आहे, पुष्कळ ठिकाणी मोडला. जुनी व्यवस्था तशीच परत येणार नाही, पण सांडम ठेवणे आपल्या हाती आहे. आपल्या मशिदींतून पाच वक्त वजूचे पाणी वाहते. त्यात साबण नसतो, तेल नसते. ते गटारात सोडण्याऐवजी झाडांना किंवा शोषखड्ड्यात का देऊ नये? बकरी ईदला जनावराचे जे अवशेष आपण टाकतो, ते नाल्यात गेले तर रोग पसरवतील, पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरले तर खत होतील. तीच वस्तू, तोच दिवस. फरक फक्त आपण ती कुठे सोडली याचा.

दफनाच्या वेळी आपण कबरीवर तीन मुठी माती टाकतो. ज्या मातीतून घडलो तीतच परत जायचे, याची ती आठवण. माणसाच्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम स्फुरद असते, बहुतेक हाडांत. तेही याच शेतांतून, याच नदीच्या पाण्यावर आपल्यात आलेले. मेल्यावर ते आपण परत देतोच, त्यात आपले काही कर्तृत्व नाही. जिवंतपणी काय परत दिले आणि किती स्वच्छ दिले, हिशेब होईल तो त्याचा.