दाह आणि आपपरभाव

रोगाविषयी लिहिताना मराठी गद्य बहुधा युद्धाची भाषा स्वीकारते. जंतू हल्ला करतात, शरीर प्रतिकार करते, रक्तातील पांढऱ्या पेशी सैनिक ठरतात. शालेय पाठ्यपुस्तकापासून वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक स्तंभापर्यंत हे रूपक इतके रुळले आहे, की ते रूपक आहे याचेच भान उरत नाही. परंतु कोणतेही रूपक एकटे येत नाही. ते आपल्यासोबत एक नैतिक व्यवस्था घेऊन येते. युद्धाच्या व्यवस्थेत शत्रू दोषी असतो आणि रक्षकाच्या हातून झालेली नासधूस क्षम्य मानली जाते. त्वचेच्या दाहक रोगांकडे पाहू लागलो, की ही व्यवस्था डळमळू लागते आणि एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : रक्षणाच्या क्रियेतूनच जी हानी होते, तिचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

कुष्ठरोगाचे उदाहरण या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. नॉर्वेतील हॅन्सन यांनी 1873 साली त्याचा जंतू शोधला. हा जंतू अत्यंत संथपणे वाढतो, त्याचे स्वतःचे असे जहाल विष आढळलेले नाही, आणि त्याच्या संपर्कात येणाऱ्या बहुसंख्य माणसांना रोग होतच नाही. रिडले आणि जॉपलिंग यांनी 1966 साली या रोगाचे जे वर्गीकरण मांडले, त्याचा आधार रुग्णाच्या पेशींचा प्रतिसाद हा होता. प्रतिसाद क्षीण असेल तर जंतू त्वचेत अमाप वाढतात. तो प्रबळ असेल तर जंतू मोजकेच राहतात, पण त्यांच्याभोवती टी-पेशी आणि भक्षकपेशी गोळा होऊन जी गाठ बनते, तिच्यात मज्जातंतू चिरडला जातो. एवढेच नव्हे, तर औषधोपचार चालू असताना प्रतिकार अकस्मात उसळतो, चट्टे लाल होतात, नसा सुजतात आणि काही दिवसांत हात किंवा पाऊल लुळे पडू शकते. अशा वेळी वैद्याला स्टेरॉइड देऊन रक्षकालाच आवरावे लागते. सोरायसिस आणि कोड यांत तर बाहेरून आलेला शत्रू दाखवताच येत नाही. सोरायसिसमध्ये टी-पेशींच्या संदेशांनी त्वचेच्या पेशी अवेळी आणि अतिवेगाने वाढतात. कोडामध्ये टी-पेशी रंगपेशींचाच नाश करतात.

असे का घडावे, याचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटू नये. टी-पेशी जंतूला समग्र रूपात पाहत नाही. दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवलेला प्रथिनाचा एक लहानसा तुकडा तिच्यापुढे येतो आणि तेवढ्यावरून ती निर्णय घेते. त्वचेत हे मांडण्याचे काम करणाऱ्या पेशींपैकी एक पेशी पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने 1868 साली बर्लिनमध्ये पाहिली होती. तिच्या फांद्यांसारख्या आकारामुळे त्याने ती मज्जासंस्थेची पेशी मानली. तिच्या कार्याचा उलगडा होण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. वाचणाऱ्या व्यवस्थेचेच असे चुकीचे वाचन झाले होते. पुढे 1949 साली बर्नेट आणि फेनर यांनी 'स्व' आणि 'स्वेतर' ही जोडी प्रतिकारशास्त्रात आणली. मराठीत या जोडीला 'आपपर' हा जुना शब्द आहे, आणि आपल्या परंपरेने आपपरभावाकडे नेहमीच संशयाने पाहिले आहे. संतांना जो भेद गळून पडावा असे वाटले, त्यावाचून शरीर एक दिवसही तगणार नाही. आणि तोच भेद चुकला तर शरीर स्वतःलाच जाळू लागते. अमरावती-अकोल्याच्या वैशाखात राहणाऱ्यांना दाह या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. मात्र हा दाह आतून येतो.

येथे एक मोह होतो. कुष्ठरोग्याला वेशीबाहेर काढणारा समाज हाही अशीच एक बिघडलेली प्रतिकारयंत्रणा आहे, असे म्हणण्याचा तो मोह आहे. आधार सहज सापडतो. दाजीसाहेब पटवर्धन यांनी 1946 साली अमरावतीच्या तपोवनात ज्या कार्याचा पाया घातला, त्या कार्याची गरजच मुळी समाजाच्या या प्रतिक्रियेतून निर्माण झाली. जंतूने नेले त्याहून अधिक माणसांनी नेले : घर, नाव, सोयरीक. कोडाला तर संसर्गही नाही. तरीही वऱ्हाडातील लग्नाच्या बोलणीत त्या पांढऱ्या डागाची भीती आजही पुसलेली नाही.

तथापि हे साम्य मान्य केले, की समाज निर्दोष ठरतो. पेशीला पर्याय नसतो. समोर आलेल्या तुकड्यापलीकडचे तिला दिसत नाही, म्हणून तिच्या चुकीला अपराध म्हणता येत नाही. समाजाचे तसे नाही. तीन औषधांची संयुक्त उपचारपद्धती 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारली आणि कुष्ठरोग निश्चितपणे बरा होऊ लागला. तरीही 1898 चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा 2016 पर्यंत रद्द झाला नाही, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात 'असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 पर्यंत टिकून राहिले. जवळजवळ चार दशके ज्ञान उपलब्ध होते, पण वाचले गेले नाही. याला दाह म्हणणे म्हणजे उत्तरदायित्व टाळणे होय.

सुसान सोंटाग यांनी 1978 साली रोगाला रूपकांपासून मुक्त करण्याची मागणी केली. ती पूर्णतः मान्य होणे कठीण आहे, कारण 'दाह' हा शब्दच जळण्याचे रूपक आहे आणि 'महारोग' या शब्दात निवाडा आधीच झालेला आहे. भाषेबाहेर जाऊन रोगाविषयी बोलता येत नाही. मात्र एखादे रूपक कोणाला दोषमुक्त करते आणि कोणाला दोषी ठरवते, हे तपासणे हे समीक्षेचे काम आहे. युद्धाचे रूपक रुग्णाला सांगते, की तुझे सैन्य दुबळे आहे किंवा फितूर आहे. समाजदेहाचे रूपक समाजाला सांगते, की तुझा इलाज नव्हता. ही दोन्ही विधाने असत्य आहेत. टी-पेशीला मिळालेल्या तुकड्यावरच थांबावे लागते. माणसाला पुढचे वाचता येते, आणि ते न वाचण्याचा दोष त्याचा स्वतःचा असतो.