मान धरणारा हात

माणसाने आयुष्यात किती निर्णय घ्यावेत याला काही मर्यादा असावी, असे माझे फार दिवसांचे मत आहे. मी बँकेत कारकून. आमच्याकडे निर्णय वरचे घेतात आणि चूक खालच्याच्या नावावर पडते, अशी कामाची नीट वाटणी आहे. त्यामुळे बाळंतपणाला पिंगुळीला आलेली धाकटी बहीण सातव्या दिवशी म्हणाली, "दादा, बाळाचे फोटो काढायचेत, फोटोग्राफर तू ठरव," तेव्हा मी वाणिज्य शाखेचा पदवीधर जे करील तेच केले. तीन कोटेशने मागवली.

पहिले शेजारच्या पोराचे. त्याच्याकडे नवा मोबाईल होता आणि दर शून्य होता. दुसरे कुडाळच्या जुन्या स्टुडिओचे. त्या गृहस्थांनी माझ्या लग्नात मला इतक्या वेळा "हनुवटी खाली" म्हटले होते, की पुढल्या संसारात ती वर घेण्याचा प्रसंगच आला नाही. तिसरे गोव्याहून येणाऱ्या एका तरुणाचे. तो फक्त तान्ह्या बाळांचेच फोटो काढतो. त्याचा आकडा ऐकून मी कॅल्क्युलेटर उलटा तर धरला नाही ना, हे पाहून घेतले.

त्याने नमुने दाखवले. टोपलीत मूल, लोकरीच्या घरट्यात मूल, पानाफुलांत मूल. ही हौस जगभर पसरवण्यात ॲन गेडिस या बाईंचा मोठा वाटा. 1996 साली त्यांचे बागेतल्या बाळांचे पुस्तक आले आणि मुले फुलांत नि कोबीत उगवू लागली. आईने चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "प्वार कोबीत कित्याक घातला?" याचे उत्तर कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हते.

एका चित्रापाशी मात्र मी थबकलो. आठ-दहा दिवसांचे मूल कोपरे टेकून, दोन्ही तळहातांवर हनुवटी ठेवून, जगाच्या मिथ्यत्वाचा विचार करत होते.

"हे मान धरतं?" मी विचारले. आमच्या शाखेत दुपारी दोननंतर साहेबांची मान ठरत नाही.

तरुण प्रामाणिक निघाला. म्हणाला, "काका, हा एक फोटो नाहीच. दोन आहेत. एकात कुणीतरी वरून डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. मग संगणकावर दोन्ही जोडायचे आणि हात पुसायचे. बाळाची मान तीन-चार महिने धरत नाही. तोवर हात सोडायचाच नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम."

पहिले दोन आठवडे मूल गाढ झोपते, पोटात होते तसे पाय दुमडून पडते, म्हणून फोटो तेव्हाच काढायचे. खोली उबदार हवी. हात धुतलेले हवेत. मूल रडले की काम बंद. हे सगळे त्याने न विचारता सांगितले. माझे मन वळू लागले होते. तेवढ्यात त्याची नजर बाळाच्या गालावरच्या तिटेवर गेली. तो म्हणाला, "आजी, हे नंतर काढून टाकू."

"मगे मी लावलंय कित्याक?" आई म्हणाली.

वाचकहो, तत्त्वज्ञान ते हेच. आई सांगते, लेकरू फार देखणे दिसू नये, एक डाग असू द्यावा. संगणक सांगतो, एकही डाग असता कामा नये. आणि सही करणारा मी मध्ये उभा.

रात्री मला झोप येईना. आमच्या धंद्यात पुसण्यासारखे पाप नाही. आकडा चुकला तर त्यावर रेघ मारून शेजारी सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. मग ज्या हाताने मान सावरली तोच पुसून टाकायचा, ही खाडाखोड कोणाच्या सहीने? पण हे आजचेही नाही. एकोणिसाव्या शतकात फोटोला काही सेकंद स्थिर बसावे लागे. तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या आया अंगावर कापड घेऊन खुर्चीसारख्या बसत आणि मांडीवर मूल धरत. चित्रात मूल तेवढे दिसे. खुर्चीच्या जागी आई आहे, हे कापडाला ठाऊक.

लगेच मनात आले, आपण राहतो कुठे? पिंगुळीत! इथल्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या नाचताहेत. सूत्र हलवणारा हात दिसू नये, हीच तर त्यातली कला. म्हणून कोणाला फसल्यासारखे वाटते का? नाही. कारण वर हात आहे हे पोरालाही ठाऊक असते. 2021 साली सरकारने इथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री दिली, ती काही बाहुलीला नव्हे, हाताला. चित्रकथीचेही तेच. एकेक चित्र समोर धरून कोणीतरी रामायण सांगायचे; सांगणारा उठून गेला की उरतो रंगवलेला कागद. म्हणजे हात लपवण्यात खोटेपणा नाही. तो होता हे विसरण्यात आहे.

हा निष्कर्ष सकाळी मी मेहुण्यांना ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "ते ठीक, पण फोटो आले की लगेच सगळ्या ग्रुपवर टाकू." इथे माझ्यातला कारकून जागा झाला. अज्ञानाच्या नावाने खाते असते, तेव्हा पालक फक्त सांभाळणारा. अठरा पुरी झाली की शिल्लक त्याला दाखवायची आणि नव्याने त्याची सही घ्यायची. चेहरा ही बाळाची पहिली ठेव. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले. त्यात वयाची अट घातल्याचे माझ्या वाचनात नाही. "चार जवळच्यांना दाखवू," मी म्हटले, "बाकीचं त्याला मिशा फुटल्यावर त्याला विचारून." मेहुणे हसले, पण ग्रुपवर टाकले नाहीत.

एवढे बोलून मी विजयी मुद्रेने वळलो, तर आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा होऊन गेला. त्याचा फोटो नाही. तेव्हा कोण काढणार? त्याच्याबद्दल ती कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"त्याचा तोंड आता आठवणा नाय रे," ती म्हणाली. "पण डोक्याचो भार अजून ह्या हातात आसा."

मी माझे तत्त्वज्ञान आटोपते घेतले.

सोयर फिटले, बारसे झाले आणि तेराव्या दिवशी गोव्याचा तरुण आला. अटी तीन: फोटो घरीच, तीट राहणार, आणि न पुसलेला एक फोटो आम्हांला. डोके धरायला त्याने मदतनीस आणला होता. आईने त्याला चहा देऊन बाहेर बसवले आणि स्वतः धरले. बाळ दोनदा रडले, एकदा टोपलीचे व्हायचे ते झाले, काम तीनदा थांबले.

आज बहिणीच्या पुण्याच्या घरी दिवाणखान्यात तो विचारवंत टांगलेला आहे, गालावर तिटेसह. पाहुणे "अय्या, मान कशी धरली!" म्हणतात. दुसरा फोटो आईने मागून घेतला. त्यात बाळ जरा तिरके आहे, आणि वरून आलेला एक सुरकुतलेला हात अर्धे चित्र अडवतो. तो तिच्या पोथीत असतो.

राहता राहिला हिशेब. सर्वांत कमी दराचे कोटेशन न स्वीकारण्याचे कारण लेखी द्यावे लागते, ही सवय जात नाही. मी घरखर्चाच्या वहीत लिहिले: "हात पुसतो, पण सोडत नाही." आणि शेजारी सही केली.