फडावरचं बाळ कोणत्या गावचं?

गणपतीच्या दिवसांत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव किंवा जामखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर बाळ जन्मतं. दवाखान्यात बीसीजी आणि पोलिओचा जन्माचा डोस होतो, माता-बाल संरक्षण कार्ड हाती पडतं. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा निरोप येतो आणि मजुरीची आगाऊ उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी बाळासह ऊसतोडीला निघते. पेंटाव्हॅलंट लशीचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना द्यायचे असतात. म्हणजे पहिला निघण्याच्या धांदलीत आणि उरलेले दोन नेमके कारखान्याच्या तळावरच्या मुक्कामात येतात. हंगामाचा पट्टा पडून टोळी परतते तेव्हा बाळ सहा-सात महिन्यांचं झालेलं असतं, आणि ही लस ज्यापासून वाचवते तो डांग्या खोकला जिवावर उठतो तो त्याआधीच्या महिन्यांतच.

पेंटाव्हॅलंटचा पहिला डोसही न मिळालेल्या मुलाला आरोग्य खात्यात ‘झिरो डोस’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात अशी सुमारे १६ लाख मुलं होती. २०२४ मध्ये ती ९ लाखांवर आली, ही घट फार मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं पूर्ण लसीकरणाचं प्रमाणही २०१५-१६ च्या ५६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७३ टक्क्यांच्या पुढे गेलं. पण उरलेली मुलं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. २०२२ च्या अखेरीस गोवर उसळला तो गोवंडी, भिवंडी, मालेगाव अशा दाटीच्या वस्त्यांत. गावाकडे ही मुलं शोधायची तर वीटभट्ट्यांवर आणि उसाच्या तळांवर जावं लागतं.

यासाठी आज यू-विन हे चांगलं साधन हाताशी आहे. कोविडकाळातल्या को-विनच्या धर्तीवर केंद्र सरकारने ते उभं केलं. २०२३ च्या सुरुवातीला निवडक जिल्ह्यांत त्याचा प्रयोग झाला आणि २०२४ मध्ये ते देशभर गेलं. गरोदरपणापासून नोंद, पुढच्या डोसचा मोबाईलवर संदेश, क्यूआर कोडचं प्रमाणपत्र आणि देशातल्या कुठल्याही केंद्रावर लस घेण्याची मुभा त्यात आहे. यातली शेवटची मुभा ऊसतोड कुटुंबासाठी लाखमोलाची. कार्ड गावी पेटीत राहिलं असलं तरी कोपरगावच्या नर्सताईला पाथर्डीत टोचलेली बीसीजी दिसू शकते.

तरीही बाळ सुटतं, ते असं. घरच्या गावातल्या आशाताईच्या यादीत डोस थकलेला दिसतो. ती फोन करते, तर फोन बापाच्या खिशात, उसाच्या फडात, नाहीतर रिचार्ज संपून बंद पडलेला. तळाकडच्या, राहात्याच्या नर्सची यादी तिच्या गावातल्या घरोघरच्या पाहणीतून तयार झालेली, आणि टोळी तिथे उतरली त्यानंतर. दोघींची नोंद आपापल्या जागी बरोबर असते आणि बाळापर्यंत दोघीही पोचत नाहीत. कुणीतरी तळावरच्या कोपीपर्यंत, म्हणजे झोपडीपर्यंत, चालत गेल्याशिवाय पोर्टलला ते तिथे आहे हे कळायचा मार्ग नाही.

खरं तर ते कुठे आहे, हे रोजच्या रोज माहीत असणारी एक यंत्रणा आहे: कारखान्याचं शेतकी खातं. कोणती टोळी आज कुणाच्या उसात आहे आणि उद्या कुठल्या गावच्या शिवारात जाणार, हे तिथल्या स्लिपबॉयला ठाऊक असतं. अनेक कारखान्यांत तोडणीचा कार्यक्रम आता संगणकावर लागतो, नोंदी मोबाईलवर होतात, गाडीगाडीचं वजन काट्यावर उमटतं. सहकारी साखर कारखानदारी ज्या प्रवरानगरात रुजली ते याच जिल्ह्यात आहे. उसाची वाट इतक्या बारकाईने आखता येते, तर ऊस तोडणाऱ्या बाईच्या लेकराची वाट आखणंही याच जिल्ह्याला जमलं पाहिजे. टोळ्यांचे मुक्काम दर आठवड्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचे, एवढंच त्यासाठी लागतं. त्याला नवं ॲप नको. आणि अहिल्यानगरची सोय अशी की टोळ्या पाठवणारे तालुके आणि त्यांना बोलावणारे कारखाने, दोन्ही या एकाच जिल्ह्यात आहेत. सगळ्या टोळ्या काही इथल्या इथे राहत नाहीत, बीडहून येणाऱ्या आणि कर्नाटकात जाणाऱ्याही आहेत. पण सुरुवात करायला दुसऱ्या कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. फक्त आईची आणि बाळाची माहिती आरोग्य केंद्रातच राहिली पाहिजे. उचलीने आधीच बांधलेल्या बाईची आणखी एक यादी मुकादमाच्या हाती जाता कामा नये.

साधन ज्यांच्या हातात द्यायचं त्यांचंही ऐकायला हवं. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट होते आणि त्यावरचं नोंदींचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होतं. त्यांची तक्रार रास्त होती. याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर, अनेक दलित. कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ अशक्त आहे, हे त्यांना पाठ असे आणि डॉक्टर त्यांच्या शब्दावर काम करत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा बाईच्या हाती मराठीतलं सोपं यू-विन दिलं, तर ते खऱ्या अर्थाने चालेल, असं मला वाटतं. ऊसतोडीच्या तळावर टोळीतलीच एखादी जाणती बाई हे काम करू शकेल. तिला त्याचा मोबदला मात्र मिळाला पाहिजे.

आणि बाळ लसीकरणाच्या सत्रावर पोचलं की त्याला परत पाठवायचं नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी फोडल्यावर चार तासांत संपवावी लागते. एकाच मुलासाठी ती फोडायला हात कचरतो, ‘पुढच्या सत्राला या’ असं सांगितलं जातं. टोळी पुढच्या सत्राला दुसऱ्या गावात असते. उरलेले डोस वाया गेले तरी चालतील, हे नर्सताईला वरून स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

पल्स पोलिओची पथकं याच तळांवर जात आली आहेत आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा जमणार नाही असं कुणी म्हणू नये. जिल्हा परिषदेने आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांनी पुढच्या गाळप हंगामाचा बॉयलर पेटण्याआधी एकत्र बसावं, आणि टोळ्यांच्या मुक्कामाची यादी पहिल्या आठवड्यापासून आरोग्य केंद्राकडे जाईल एवढं ठरवूनच उठावं.