फुकट आणि मुक्त

मराठीत ‘फुकट’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. फुकट ते पौष्टिक, असे आपण थट्टेने म्हणतो खरे; परंतु त्या थट्टेत घेणाऱ्याविषयीचा उपहासच अधिक असतो. ‘मुक्त’ हा शब्द मात्र आपण आदराने उच्चारतो. इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तेथील एका चळवळीला आपल्या नावाचा अर्थ समजावून सांगण्यात पुष्कळ श्रम खर्ची घालावे लागले. आपल्या भाषेने हा भेद आधीच करून ठेवला आहे. तथापि, व्यवहारात आपण मुक्त वस्तूही फुकट वस्तूसारखीच वापरतो. आणि त्यातून एक प्रश्न उभा राहतो. जी वस्तू कोणी मोल न घेता दिली, तिच्याविषयी घेणाऱ्याचे काही कर्तव्य उरते काय?

हा प्रश्न केवळ तर्काच्या हौसेने आम्ही मांडीत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. बदलीच्या नोकरीत तीन-चार गावे आमच्याबरोबर हिंडलेले संगणक वास्तविक धडधाकट होते; परंतु नवी प्रणाली त्यांतील अनेकांना स्वीकारीना. अशा वेळी कोणीतरी लिनक्सचे नाव सुचवितो. पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते, पसंत पडली तर कायमची बसविता येते, आणि दमडीही मोजावी लागत नाही. काही दिवस सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी प्रिंटर मुका होतो, आणि सरकारी वसाहतीतील त्या दोन खोल्यांत उद्गार उमटतो, “फुकटचे ते असेच असावयाचे!” या उद्गाराचा न्याय आम्हांस करावयाचा आहे.

प्रथम ही वस्तू आली कोठून ते पाहू. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. वापरणाऱ्याला आज्ञावली हव्या त्या कामी चालविता यावी, तिची मूळ संहिता वाचून तीत बदल करता यावा, तिच्या प्रती इतरांस देता याव्यात आणि सुधारलेली प्रतही वाटता यावी, असा त्यांचा आग्रह होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक प्रणाली रचीत असल्याचे जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी ती ग्नूच्या परवान्याखाली आणली. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील एकूणएक संगणक लिनक्सवर चालत आले आहेत. म्हणजे ‘आम्ही ते वापरीत नाही’ असे म्हणणाराही बहुधा ते खिशात घेऊनच हिंडत असतो.

या परवान्यात आणखी एक कलम आहे. वस्तू जशी आहे तशी दिली आहे; तिच्याविषयी कोणतीही हमी नाही. आम्हां कारकुनांस हे कलम नवे नाही. लिलावाच्या सूचनेत ते आम्ही स्वतःच टंकलिखित करीत असतो. कायद्याच्या दृष्टीने येथे हिशेब मिटला. देणाऱ्याने हमी दिली नाही, घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत. परंतु कायद्याचा हिशेब जेथे मिटतो तेथे नीतीचाही मिटतो काय?

एक पक्ष असा की, मिटतो. देणाऱ्याने स्वखुशीने दिले, त्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. मग ऋण कसले? शिवाय लिनक्सवर काम करणारे पुष्कळसे लोक आज मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत आणि त्या कंपन्यांचा त्यात स्वार्थ आहे. हा युक्तिवाद पोकळ नव्हे. पण तो अपुरा आहे. कारण ज्या असंख्य लहान आज्ञावलींवर हा डोलारा उभा आहे, त्यांतील कित्येकांचा भार एखाददुसरा माणूस फावल्या वेळात विनावेतन वाहत असतो. त्याची कथा ऐकली म्हणजे या पक्षाचा आत्मविश्वास ढळतो.

फायलींचा आकार आवळून लहान करणारी एक्सझेड नावाची अशी एक आज्ञावली आहे. ती सांभाळणारा मुख्यतः एकच गृहस्थ होता. २०२२ साली त्याच्यावर टोचणीच्या पत्रांचा मारा सुरू झाला. काम मंद चालले आहे, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती सोपवा, असा त्यांचा सूर. आपली मनःप्रकृती बरी नसते, आणि हे बिनपगारी हौसेचे काम आहे, हे त्याने लिहून कळविले. त्याच सुमारास ‘जिया टान’ या नावाने वावरणारी कोणी व्यक्ती नम्रपणे मदतीस पुढे आली, आणि हळूहळू कारभाराच्या किल्ल्या तिच्या हाती गेल्या. २०२४ च्या प्रारंभी तिने त्या आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसविला. तो सर्वत्र पोहोचता, तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांची कुलपे निकामी झाली असती. टोचणीची ती पत्रे याच कटाचा भाग असावीत, असा अनेक जाणकारांचा तर्क आहे.

आमच्या मते या प्रकरणातील खरा बोध असा की, ती पत्रे कोणाला खोटी वाटली नाहीत. का? तर तशी पत्रे खरोखरीचे वापरणारेही नित्य लिहीत असतात. फुकट घेणाऱ्यांची कृतघ्न भाषा इतकी परिचयाची झाली होती की, चोराला वेष पालटण्याचीदेखील गरज पडली नाही.

आणि चोरी उघडकीस आली तीही एका वापरणाऱ्याच्याच दक्षतेने. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसरेच काम करीत असता आढळले की, दूरच्या यंत्रात प्रवेश करावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष केले असते. त्याने कारण शोधले, आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगासमोर मांडले. मूळ संहिता उघडी होती म्हणून त्याला ते शोधता आले. पण उघड्या दाराचा उपयोग आत डोकावणारा कोणी असेल तरच!

तेव्हा ऋण आहे, असे आम्हांस वाटते. मात्र ते सावकाराचे ऋण नव्हे. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. त्यांतील ऋषिऋणाची परतफेड द्रव्याने होत नाही. ती अध्ययनाने व्हावयाची. ज्यांनी ज्ञान दिले त्यांना ते परत देता येत नाही; ते शिकावयाचे आणि पुढे द्यावयाचे. आपल्या खेड्यांतील इर्जिकही याच जातीचे. शेजारी बैल घेऊन येतात, एकाचे शेत नांगरून देतात. तो त्यांना मजुरी देत नाही, जेवू घालतो, आणि दुसऱ्याच्या शेतावर बोलावणे आले म्हणजे ‘मला वेळ नाही’ असे म्हणत नाही.

हे ऋण फेडावे कसे, याचे नित्याचे नियम अगदी साधे आहेत. यंत्राने दिलेला त्रुटीचा संदेश प्रथम शांतपणे वाचावा. पुष्कळदा उत्तर त्यातच असते. टर्मिनलमध्ये ‘मॅन’ हा तीन रोमन अक्षरांचा शब्द लिहून पुढे आज्ञेचे नाव दिले की तिची माहितीपुस्तिका उघडते. विचारण्यापूर्वी ती चाळावी. अनोळखी माणसाने सुचविलेली आज्ञा, विशेषतः ‘सुडो’ने सुरू होणारी, अर्थ समजल्यावाचून चालवू नये. आज्ञावली शक्यतो आपल्या प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्याव्यात. मोठ्या बदलापूर्वी कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवावी, म्हणजे पुढे दुसऱ्यावर राग काढण्याचा प्रसंगच येत नाही. कार्यालयातील यंत्रास सक्षम अधिकाऱ्याच्या अनुमतीवाचून हात लावू नये. मुक्तता म्हणजे स्वैरता नव्हे.

दोष आढळला तर तो कळवावा. तक्रार म्हणून नव्हे, टिपणी म्हणून. आपण काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, आवृत्ती कोणती, ही चार वाक्ये पुरेत. ज्याने अनुभाग अधिकाऱ्यापुढे फाइली मांडल्या आहेत, त्याला ही कला शिकवावी लागू नये. आणि उत्तर सापडले तर तेही लिहून ठेवावे, कारण तोच प्रश्न उद्या दुसऱ्या कोणास पडणार आहे.

येथे मराठी माणसाचे एक खास कर्तव्यही आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांतला भेद एवढ्याशा अर्ध्या ‘र’वर अवलंबून आहे, हिंदीपुरत्याच विचाराने घडविलेला एखादा टंक तो नीट दाखवीत नाही, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही निराळी. हेलसिंकीत बसलेल्या सज्जनाला हे कळण्याचा मार्ग नाही. गुवाहाटीत वा चेन्नईत बसलेल्या, मुलांना घरी मराठी वाचावयास शिकविणाऱ्या आपल्यासारख्याला ते पहिल्या नजरेत दिसते. लिनक्सच्या मेजप्रणालींची मराठी भाषांतरे अशाच लोकांनी केली आहेत, आणि ती अद्याप अपुरी आहेत.

कोणी म्हणेल, ज्याला वेळ नाही, इंग्रजी बेताचे, त्याने काय करावे? त्याच्यावर कोणताही भार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सामर्थ्याबरोबर ऋण वाढते. परंतु सौजन्याचे ऋण सर्वांवर सारखेच असते, कारण त्याला सामर्थ्य लागत नाही. पाणपोईवर पाणी पिणाऱ्याने रांजण भरलाच पाहिजे असे नाही. पाणी कोमट आहे म्हणून भरणाऱ्याला शिव्या देऊ नयेत, आणि ओगराळे जागेवर ठेवावे.

बदली झालेला कर्मचारी कार्यभार सोपविताना काय करतो? प्रलंबित प्रकरणांची यादी करतो, किल्ल्या मोजून देतो, आणि कोणते कपाट जोर लावल्यावाचून उघडत नाही तेही सांगून ठेवतो. त्याच्या मागून येणारा त्याच्या ओळखीचा नसतो. कित्येकदा त्याचे नावही ठाऊक नसते. तरीही ती यादी नीट केली जाते. मुक्त वस्तू हाती आली म्हणजे आपल्याकडे असाच एक कार्यभार आला, असे समजावे. ती आपल्या हाती आली त्यापेक्षा किंचित बरी होऊन पुढे गेली, म्हणजे आपण ती फुकट घेतली असे कोणी म्हणणार नाही.