हडकुळ्या माणसाची शुगर

धानाच्या बांधीत उभं आयुष्य काढलेल्या, बरगड्या मोजता येतील अशा माणसाला शुगर निघाली, की गोंदियाकडे घरच्यांचा आधी विश्वासच बसत नाही. ‘याच्या अंगावर मांस नाही, गोडाधोडाचा शौक नाही, याला कशी निघाली?’ प्रश्न रास्त आहे. मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा, पोट सुटलेल्यांचा आजार, हे आपण सगळेच ऐकत आलो. वैद्यकाच्या पुस्तकांतही फार काळ तेच चित्र होतं, कारण ती पुस्तकं जिथे लिहिली गेली तिथले रोगी तसेच होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी या एका प्रश्नामागे आपलं सगळं संशोधन लावलं. त्यांच्या हाती आलेलं उत्तर आपल्या धानपट्ट्याने शांतपणे समजून घ्यावं असं मला वाटतं.

ऑक्सफर्डला शिकून ते १९८० च्या दशकात पुण्यात परतले. समोर येणारे मधुमेही तिथल्यापेक्षा वयाने लहान होते आणि अंगाने बारीक. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआयचा आकडा त्यांच्या बाबतीत ‘सर्व ठीक’ म्हणत होता आणि रक्त मात्र वेगळंच सांगत होतं. हा विरोध त्यांनी पुढे एका छायाचित्रातून दाखवला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडणारा संशोधक मला जवळचा वाटतो. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या फोटोने जगभरच्या डॉक्टरांना एका नजरेत पटवलं.

पण ही चरबी येते कुठून? खाण्यातून, आळसातून, असं म्हणून थांबता आलं असतं. त्या फोटोच्या बऱ्याच आधी, १९८० च्या दशकातच, इंग्लंडात साउथॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर वेगळ्याच वाटेने चालले होते. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघरी जाऊन बाळांची जन्मवजनं आणि वर्षाच्या वयाची वजनं वहीत टिपून ठेवत. बार्कर यांना त्या वह्या मिळाल्या. ती बाळं आता म्हातारी झाली होती, काही वारली होती. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की वर्षाच्या वयाला ज्यांचं वजन कमी होतं, ते पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त प्रमाणात गेले. म्हणजे साठीतल्या आजाराची खूण पाळण्यात होती. साध्या हाताने लिहिलेल्या त्या वह्यांनी वैद्यकाला केवढं दिलं, याचं मला फार मोल वाटतं. आपल्या अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदीही उद्या कुणाच्या तरी अशाच कामी येतील.

याज्ञिकांनी हा धागा उचलला. केईएममध्ये जन्मलेल्या मुलांना त्यांनी चार वर्षांच्या वयात तपासलं, तेव्हा जन्मतः लहान असलेल्यांची साखर आणि इन्शुलिन तेवढ्या वयातच चढं निघालं. मग १९९३ मध्ये, साउथॅम्प्टनच्याच डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या साथीने, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी आणखी मागे जायचं ठरवलं. बाळ जन्मायच्या आधी, बाई गरोदर राहण्याच्याही आधी मोजमाप सुरू झालं. त्या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळ जन्मलं की त्याचं वजन, लांबी, डोक्याचा आणि पोटाचा घेर, दंडाचा घेर मोजायचा. मग पाठीवर, खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी पाहायची, म्हणजे कातडीखाली चरबी किती ते कळतं.

हेच माप साउथॅम्प्टनच्या बाळांचंही होतं. तिथलं पूर्ण दिवसांचं बाळ सरासरी ३,४९४ ग्रॅम, या खेड्यांतलं २,६६५ ग्रॅम. इतका फरक म्हटल्यावर बाळ सगळ्याच अंगांनी लहान असेल असं वाटतं. तसं नव्हतं. सगळ्यात जास्त लहान होता पोटाचा घेर, म्हणजे जिथे यकृत, मूत्रपिंडं आणि इन्शुलिन तयार करणारं स्वादुपिंड असतं ती जागा. दंडही बारीक, म्हणजे स्नायू कमी. डोकं त्या मानाने सावरलेलं. आणि खांद्याखालची ती चिमूट जवळजवळ इंग्लिश बाळाइतकीच जाड! हडकुळ्या माणसातली लपलेली चरबी जन्माच्या दिवशीच तिथे होती.

आईच्या पोटात अन्न अपुरं पडलं तर वाढणारं शरीर वाटणी करतं. मेंदूला आधी देतं, थोडी चरबी राखून ठेवतं, आणि यकृत-स्वादुपिंड-स्नायूंच्या वाट्याचं कापतं. त्या क्षणी ती वाटणी शहाणपणाचीच असते, तिच्यामुळे बाळ जगतं. पण कापलेला वाटा पुढे पुरता भरून निघत नाही. कमी कुवतीच्या स्वादुपिंडावर मग जेवढा भार येईल तेवढा लवकर ते थकतं. दिल्लीत १९६९ ते ७२ दरम्यान जन्मलेल्यांचा दीर्घ अभ्यास हेच सांगतो: दोन वर्षांपर्यंत बारीक राहिलेली आणि नंतर बाराव्या वर्षापर्यंत झपाट्याने अंग धरलेली मुलंच तिशीत जास्त करून मधुमेही झाली. पुण्याच्या त्या खेड्यांतली मुलंही अठरा वर्षांची झाली तेव्हा ६१९ जणांची तपासणी झाली. जवळपास निम्म्यांचं वजन प्रमाणापेक्षा कमी होतं आणि तरीही ३७ टक्के मुलग्यांची, १८ टक्के मुलींची साखर मर्यादेच्या वर गेली होती. प्रत्यक्ष मधुमेह तिघांनाच होता, बाकीचे वाटेवर होते. निरोगी म्हातारपणाची चर्चा आपण पन्नाशीत फिरायला जाण्यापासून सुरू करतो. फिरायला जावंच, पण याज्ञिकांच्या कामाने ती चर्चा माणसाच्या आईच्या ताटापर्यंत मागे नेली.

त्या ताटात काय होतं, हे पाहिल्यावर गोंदियाचा विचार टाळता येत नाही. पुण्याजवळच्या त्या खेड्यांत बाईने एकूण किती खाल्लं यापेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याचा संबंध बाळाच्या आकाराशी जास्त दिसला. पोट भरणं आणि पोषण होणं यांतलं अंतर धानाच्या मुलखाइतकं कुठे दिसणार? भाताने पोट भरतंच. दुसरी गोष्ट ब१२ या जीवनसत्त्वाची. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं, आणि त्या खेड्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायांच्या रक्तात ते कमी होतं. आईचं ब१२ कमी आणि फोलेट, म्हणजे फोलिकच्या गोळीतलं जीवनसत्त्व, जास्त, अशी जोडी असलेल्या मुलांत सहाव्या वर्षी शरीर इन्शुलिनला सगळ्यात कमी दाद देत होतं. लोह-फोलिकची गोळी बंद करावी असा याचा अर्थ मुळीच नाही. तिच्या जोडीला दुसरंही हवं, एवढाच आहे. पुढे या अभ्यासातल्या मुली वयात आल्यावर त्यांना रोज जेमतेम दोन मायक्रोग्रॅम ब१२ देऊन पाहिलं, तर त्यांना झालेल्या मुलांची समज आणि भाषा दोन वर्षांच्या वयात उजवी निघाली.

आपल्याकडे मामा तलाव आहेत, गावोगावी बोड्या आहेत, ढिवरांच्या जाळ्यात मरळ येते, झिंगे येतात. पावसाळ्यात तरोटा, धोपा, अंबाडी फुकट उगवते. म्हणजे वस्तू गावात आहेत. पण रश्श्यातली मासळीची फोड आधी कुणाच्या ताटात पडते आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणाऱ्या सुनेला काय उरतं, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल,’ असं सांगणाऱ्या सासूचा हेतू वाईट नसतो. तिने अडलेली बाळंतपणं पाहिलेली असतात. तिच्याशी वाद घालण्याऐवजी दवाखान्याची गाडी वेळेवर येईल हा भरवसा तिला दिला, तर तीच दूध ओतून देईल.

पुण्याच्या त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम ज्या गरोदर बायांना जास्त पडलं, त्यांची बाळं लहान जन्मली. आपली रोवणी आषाढात येते. दिवसभर वाकून, गुडघाभर चिखलात उभं राहून पऱ्हे रोवणाऱ्या बायांमध्ये दिवस गेलेल्या बायाही असतात. अशा बाईने घरी बसावं, हे सांगणं सोपं आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, पण रोवणीच्या पंधरवड्यात हाती येणारा रोज सोडून द्यायला ती त्या हप्त्यांवर अवलंबून कशी राहणार? रोवणीआधीच्या ग्रामसभेत गावातल्या गरोदर बायांची नावं आशाताईंकडून घेऊन त्यांना तेवढे दिवस बसून करायचं काम, त्याच मजुरीत, देता येईल का, याचा हिशेब मांडता येतो. पऱ्हे उपटून जुड्या बांधायलाही कुणीतरी लागतंच.