उसना मुका

मुका कुणी कधी उसना घेतो काय? पण इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेल्या वेल्स देशातल्या लोकांनी घेतला आहे. वेल्श भाषेत मुक्याला 'किसन' म्हणतात. आमच्या शाळेच्या पटावर दरसाल एकदोन किसन असतात. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही! हा किसन आला जुन्या इंग्रजीतल्या 'क्युस्सन' या क्रियापदावरून. अर्थ, मुका घेणे.

मग त्याआधी वेल्श आया लेकरांचे मुके घेत नव्हत्या की काय? घेत होत्याच. शब्द उसना आणला म्हणजे घरात ती वस्तू नव्हती, असे होत नाही.

गंमत पुढेच आहे. इंग्रजांनी कालांतराने आपल्या शब्दाचे शेपूट टाकले. 'किस' तेवढा उरला. वेल्शने मात्र ते जपले. शिवाय त्याला घरच्या चालीरीती शिकवल्या. त्या भाषेत मागच्या शब्दाप्रमाणे पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर बदलते. त्याचा मुका असेल तर 'गिसन', तिचा असेल तर 'खिसन'. सून सासरी आली, नाव बदलले, आणि चार वर्षांत घराची मालकीण झाली, त्यातलाच प्रकार. आपणही पोर्तुगिजांकडून 'चावी' घेतली, तिच्या 'चाव्या' केल्या आणि कमरेला लावल्या.

तेव्हा उसनवारीने भाषा मरत नाही. मग कशाने मरते? एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. दुसरा कुणी तसे बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल, त्याला शिक्षा. त्या गुरुजींपैकी कित्येकांची मातृभाषा वेल्शच होती.

हे वाचले आणि मला माझाच वर्ग आठवला. 'मपली वही घरी राहिली,' असे एक मुलगा म्हणाला. मपली म्हणजे माझी. त्याच्या आईची बोली ती. वर्ग हसला. मीही हसलो. पुढे वर्षभर तो वर्गात आपण होऊन बोलला नाही. पाटी लाकडाचीच असावी लागते असे नाही.

२०२१ च्या शिरगणतीत वेल्समधल्या सुमारे ५,३८,००० जणांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले. उसना किसन अजून नांदतो आहे. ती पाटी संग्रहालयात गेली.

दिवाळीला गावाकडली मुले घरी येतील. त्यांच्या एखाद्या शब्दाचे हसू आले, तर वाचकहो, ते ओठांतच ठेवा. उसना शब्द परत द्यावा लागत नाही. ते हसू मात्र परत घ्यावेसे वाटते, आणि घेता येत नाही.